सहलीचा कॅमेरा : काचेपासून सिलिकॉनपर्यंत

शाळेची सहल ठरली की बस, जेवण आणि प्रथमोपचाराची पेटी यांची चर्चा होते, आणि शेवटी कोणीतरी विचारते, "फोटो कशाने काढायचे?" पिंपरी-चिंचवड परिसरातील शिक्षकांशी गप्पा मारताना हा प्रश्न आम्हाला नेहमी ऐकू येतो. खिशात मावेल, फार महाग नसेल, लेण्यांच्या अंधारातही चित्र देईल असा कॅमेरा हवा असतो. दुकानदार त्यावर एकच आकडा सांगतो : इतके मेगापिक्सेल. शाळेच्या तुटपुंज्या निधीतले काही हजार रुपये त्या आकड्यावर खर्च होतात.

कोणता नमुना घ्यावा हे सांगण्यात अर्थ नाही, कारण नमुने वर्षा-दोन वर्षांत बदलतात. पण तो निवडायची मोजपट्टी मात्र बदललेली नाही. प्रवासात नेण्याजोगा कॅमेरा हवा ही गरज छायाचित्रणाइतकीच जुनी आहे, आणि ती भागवताना प्रत्येक पिढीने काहीतरी मिळवले व त्याबदल्यात काहीतरी गमावले. काय मिळाले आणि काय गेले याचा हिशेब मांडला की मेगापिक्सेलचा आकडा आपोआप आपल्या जागी जाऊन बसतो.

बैलगाडीभर सामान

१८३९ साली पॅरिसमध्ये दागेरच्या छायाचित्रण-पद्धतीची माहिती जाहीर झाली. मुंबईत १८५४ मध्ये बॉम्बे फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी लाड हे तिच्या सुरुवातीच्या सभासदांपैकी एक होते. १८५५ मध्ये एल्फिन्स्टन संस्थेत छायाचित्रणाचा वर्गही निघाला. त्याच वर्षी कॅप्टन थॉमस बिग्ज यांची मुंबई इलाख्यातील प्राचीन वास्तूंची छायाचित्रे काढण्यासाठी नेमणूक झाली. नकलाकाराने हाताने चित्रे काढण्यापेक्षा हे काम लवकर आणि स्वस्तात होईल, अशी ईस्ट इंडिया कंपनीची अपेक्षा होती. म्हणजे 'परवडणारे छायाचित्रण' हा विचार आपल्याकडे अगदी आरंभापासून आहे.

पण त्या काळचा प्रवास डोळ्यांसमोर आणून पाहा. १८५१ साली फ्रेडरिक स्कॉट आर्चर या इंग्रज गृहस्थाने शोधलेली ओल्या कलोडियनची पद्धत तेव्हा रूढ होत होती. काचेवर कलोडियनचा चिकट थर द्यायचा, ती काच सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणात बुडवायची, ओली असतानाच कॅमेऱ्यात घालून चित्र घ्यायचे आणि थर सुकण्यापूर्वी ती विकसित करायची. हे सगळे दहा-पंधरा मिनिटांत उरकावे लागे. दख्खनच्या उन्हात तर वेळ आणखी कमी. त्यामुळे छायाचित्रकाराबरोबर लाकडी कॅमेरा, तिपाई, काचांच्या पेट्या, रसायनांच्या बाटल्या, पाणी आणि अंधाराचा तंबू एवढा लवाजमा निघे. मेजर रॉबर्ट गिल यांनी अजिंठा-वेरूळच्या लेण्यांची जी छायाचित्रे काढली, ती अशा काळात.

१८५८ मध्ये खंडाळा ते पुणे रेल्वे सुरू झाली. आज पिंपरी-चिंचवडमधून जाणारा लोहमार्ग तो हाच. रेल्वेने सामानाच्या प्रवासाचा काही भाग सोपा केला, परंतु सामान कमी केले नाही. ते काम रसायनशास्त्राला करायचे होते.

१८७१ मध्ये रिचर्ड लीच मॅडॉक्स या इंग्रज डॉक्टरांनी कलोडियनऐवजी जिलेटिन वापरून पाहिले. जिलेटिनमध्ये बसवलेले चांदीचे क्षार सुकल्यावरही काम देतात. आता काच घरी तयार करून न्यायची आणि परत आल्यावर विकसित करायची, एवढे पुरे झाले. तंबू गेला. चित्र घेणे आणि चित्र धुणे ही दोन कामे प्रथमच वेगळी झाली.

बटन दाबणारा आणि फिल्म धुणारा

या विभागणीतून जॉर्ज ईस्टमन यांनी व्यवसाय उभा केला. १८८८ सालचा त्यांचा कोडॅक कॅमेरा २५ डॉलरचा होता व त्यात १०० चित्रांची गुंडाळी असे. ती संपली की अख्खा कॅमेरा कारखान्याकडे पाठवायचा, १० डॉलर भरायचे; चित्रे आणि नव्या गुंडाळीने भरलेला कॅमेरा परत येई. १९०० मध्ये आलेला ब्राउनी कॅमेरा तर अवघ्या एका डॉलरचा होता. पुठ्ठ्याची पेटी, साधे भिंग आणि सहा चित्रांची फिल्म १५ सेंटला.

येथे थोडे थांबावे. ईस्टमन यांनी कॅमेरा इतका स्वस्त का केला? कारण कॅमेरा एकदाच विकला जातो आणि फिल्म पुन्हा पुन्हा. म्हणून परवडणारा कॅमेरा म्हणजे कमी किमतीचा कॅमेरा, ही व्याख्या अपुरी आहे. खरा हिशेब दर चित्रामागच्या खर्चाचा आहे. पुढची जवळजवळ शंभर वर्षे सामान्य माणसाला अडवले ते याच खर्चाने.

पिंपरीतला 'क्लिक'

१९५४ साली पिंपरी येथे हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला. १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ अस्तित्वात आले आणि त्या दशकात पिंपरी, चिंचवड, आकुर्डी, भोसरी या गावांच्या शिवारात यंत्रांचे, मोटारींचे, स्कुटरचे कारखाने उभे राहिले. सातारा, सोलापूर, मराठवाडा, कोकण आणि परप्रांतांतून माणसे येथे आली. नोकरी लागली, चाळीत किंवा वसाहतीत खोली मिळाली, दरमहा पगार येऊ लागला. गावाकडे राहिलेल्या आईवडिलांना आपला संसार दाखवायचा तर फोटोशिवाय दुसरा मार्ग कोणता होता?

त्या पिढीच्या हाती आलेला कॅमेरा म्हणजे आग्फा क्लिक-३. परकीय चलनाच्या टंचाईमुळे १९५७ नंतर आयातीवर कडक निर्बंध आले होते. जर्मन आग्फा कंपनीच्या आराखड्यावरून न्यू इंडिया इंडस्ट्रीज ही कंपनी बडोद्याला हा कॅमेरा बनवी. रचना अगदी साधी : एकच भिंग, शटरचा एकच वेग, ऊन आणि ढगाळ अशा दोन स्थितींसाठी छिद्राचे दोन आकार. काही मीटरच्या पुढचे सारे कामचलाऊ स्पष्ट येई, त्यामुळे अंतर जुळवायची कटकटच नव्हती. यात १२० क्रमांकाची फिल्म लागे. हा क्रमांक मूळ १९०१ सालच्या ब्राउनी कॅमेऱ्याचा! एका रोलवर सुमारे ६ × ६ सेंटिमीटरची १२ चित्रे बसत. आग्फाच्याच आयसोली कॅमेऱ्यात त्याच रोलवर ४ × ४ सेंटिमीटरची १६ चित्रे बसवून काटकसर साधलेली होती. फिल्मचीही टंचाई असे. ती कमी करण्यासाठी उटी येथे हिंदुस्थान फोटो फिल्म्स हा सरकारी कारखाना काढण्यात आला. १९६७ मध्ये त्याचे उत्पादन सुरू झाले.

एका रोलवर १२ चित्रे, म्हणजे ६० मुलांच्या सहलीत जपून वापरायची १२ चित्रे. म्हणून जुन्या अल्बममध्ये सगळे ओळीने ताठ उभे दिसतात. मुले चालताना, भांडताना, डबा खाताना क्वचितच दिसतात. आपली माणसे फोटोत हसत नसत असे आपण सहज म्हणतो. त्यामागे संकोच होता, तसाच रोलचा भावही होता.

तरीही एक कोडे उरते. एका भिंगाच्या या पेटीने काढलेली चित्रे आज साठ वर्षांनंतर पाहिली तर चांगली का वाटतात? उत्तर भूमितीत आहे. चित्राची निगेटिव्ह जवळजवळ ५६ मिलिमीटर रुंद. तिच्यावर कागद ठेवून तेवढ्याच आकाराची प्रत काढता येई. १५ सेंटिमीटर रुंद प्रत हवी असली तरी ती जेमतेम पावणेतीन पट मोठी करावी लागे. भिंगाचे दोषही तेवढेच मोठे होत. मोठ्या फिल्मने स्वस्त भिंगाला सांभाळून घेतले.

लहानपणाची किंमत

खिशात मावायचे तर फिल्म लहान हवी. जर्मनीत ऑस्कर बार्नॅक या यंत्रज्ञाला डोंगरात भटकायची आवड होती, पण दम्यामुळे जड कॅमेरा नेणे झेपत नसे. त्याने सिनेमाची ३५ मिलिमीटरची फिल्म वापरून छोटा कॅमेरा तयार केला. १९२५ मध्ये तो लायका या नावाने बाजारात आला. चित्राचा आकार ३६ × २४ मिलिमीटर. निगेटिव्ह लहान झाली म्हणून भिंग उत्तम लागले, आणि उत्तम भिंग म्हणजे जास्त किंमत. लायका लहान होता, स्वस्त नव्हता.

उलट बाजूचे उदाहरण ११० क्रमांकाच्या फिल्मचे. १९७२ मध्ये आलेल्या या फिल्मवरचे चित्र सुमारे १७ × १३ मिलिमीटरचे. भारतात १९८० च्या दशकात 'हॉट शॉट' हा कॅमेरा या फिल्मवर लोकप्रिय झाला. कॅमेरा चपटा, हलका, वापरायला सोपा. पण चित्र मोठे केले की दाणे दिसू लागत. लहान, स्वस्त आणि सुस्पष्ट या तिन्हींपैकी दोन गोष्टी मिळत, तिसरी सोडावी लागे. हे वाक्य लक्षात ठेवू; पुढे ते पुन्हा कामाला येणार आहे.

प्रकाशाचे पाणी, विद्युतभाराच्या बादल्या

१९६९ मध्ये अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत विलार्ड बॉइल आणि जॉर्ज स्मिथ यांनी 'सीसीडी' या अर्धवाहक साधनाची कल्पना मांडली. या शोधासाठी त्यांना २००९ सालच्या भौतिकशास्त्राच्या नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. कल्पना समजायला सोपी आहे. पावसात शेतावर बादल्यांच्या रांगा मांडून ठेवल्या आहेत असे समजा. पाऊस म्हणजे प्रकाशकण, बादली म्हणजे पिक्सेल. प्रकाशकण सिलिकॉनवर पडला की इलेक्ट्रॉन सुटा होतो आणि त्याच बादलीत साठतो. ठरावीक वेळाने प्रत्येक बादलीतले पाणी शेजारच्या बादलीत ओतत ओतत रांगेच्या टोकाशी न्यायचे आणि तेथे मोजायचे. मोजलेल्या आकड्यांची यादी म्हणजेच चित्र. बादल्यांना रंग मात्र कळत नाही. म्हणून त्यांच्यावर लाल, हिरव्या आणि निळ्या गाळण्यांची नक्षी बसवतात. कोडॅकमधील ब्राइस बायर यांना १९७६ मध्ये तिचे पेटंट मिळाले.

कोडॅकमध्येच १९७५ साली स्टीव्हन सॅसन या तरुण अभियंत्याने पहिला हातात धरण्याजोगा डिजिटल कॅमेरा जुळवला. वजन सुमारे ३.६ किलो, पिक्सेल १०० × १००, म्हणजे फक्त दहा हजार. एक चित्र कॅसेटच्या फितीवर उतरायला २३ सेकंद लागत. सर्वसामान्यांसाठी खरा बदल १९९० च्या दशकात झाला. १९९५ मध्ये कॅसिओ क्यूव्ही-१० हा पाठीवर छोटा पडदा असलेला कॅमेरा आला. काढलेले चित्र लगेच पाहायचे आणि आवडले नाही तर पुसायचे!

आता ईस्टमन यांचा हिशेब उलटा झाला. कॅमेरा महाग, पण पुढच्या चित्राचा खर्च जवळजवळ शून्य. १२ चित्रांची काटकसर संपली. फिल्मच्या विक्रीवर उभी राहिलेली कोडॅक कंपनी जानेवारी २०१२ मध्ये दिवाळखोरीच्या न्यायालयात गेली. डिजिटल कॅमेऱ्याची पहिली जुळणी तिच्याच प्रयोगशाळेत झाली होती.

'इंच' नावाचा चकवा

आपल्या मूळ प्रश्नाकडे येऊ. छोट्या डिजिटल कॅमेऱ्याच्या माहितीपत्रकात सेन्सरचा आकार १/२.३ इंच असा लिहिलेला असतो. इंचाचे २५.४ मिलिमीटर, भागिले २.३, म्हणजे कर्ण ११ मिलिमीटर असेल असे कोणालाही वाटेल. प्रत्यक्षात तो सुमारे ७.७ मिलिमीटर असतो. हा फरक कोठून आला? जुन्या दूरचित्रवाणी कॅमेऱ्यांत काचेची निर्वात नळी असे. तिच्या बाहेरच्या व्यासावरून तिचे माप सांगत; चित्राचा उपयुक्त भाग त्याच्या सुमारे दोन-तृतीयांश असे. नळ्या गेल्या, मापाची रीत राहिली. म्हणून 'एक इंच' सेन्सरचा कर्णसुद्धा १६ मिलिमीटरच असतो.

खरे आकार असे :
क्लिक-३ ची निगेटिव्ह : ५६ × ५६ मिमी, क्षेत्रफळ सुमारे ३१०० चौ. मिमी
३५ मिमी फिल्म : ३६ × २४ मिमी, ८६४ चौ. मिमी
'एक इंच' सेन्सर : १३.२ × ८.८ मिमी, ११६ चौ. मिमी
१/२.३ इंच सेन्सर : ६.२ × ४.६ मिमी, २८.५ चौ. मिमी

शेवटच्या सेन्सरवरून १५ सेंटिमीटर रुंद प्रत काढायची तर चित्र २४ पट मोठे करावे लागते. एवढ्याशा तुकड्यावर १६ मेगापिक्सेल, म्हणजे १ कोटी ६० लाख बादल्या मांडल्या तर प्रत्येकीची बाजू केवळ १.३ मायक्रॉन येते. यातून दोन अडचणी निघतात.

पहिली विवर्तनाची. परिपूर्ण भिंगही बिंदूची प्रतिमा बिंदूरूप देत नाही. लहानशी चकती देते. तिचा व्यास २.४४ × तरंगलांबी × एफ-अंक इतका असतो. (एफ-अंक म्हणजे भिंगाचे नाभीय अंतर भागिले छिद्राचा व्यास.) हिरव्या प्रकाशाची तरंगलांबी ०.५५ मायक्रॉन आणि एफ-अंक ३.३ धरला तर ही चकती ४.४ मायक्रॉनची होते. झूम लांबवल्यावर अशा कॅमेऱ्यात एफ-अंक ६ च्या आसपास जातो, तेव्हा ती ८ मायक्रॉनची होते. म्हणजे एक बिंदू सहा पिक्सेल रुंद! येथे पिक्सेल वाढवून तपशील फारसा वाढत नाही, फाइल मात्र फुगते.

दुसरी अडचण प्रकाशकणांच्या गणतीची. पावसाचे थेंब प्रत्येक बादलीत अगदी सारखे पडत नाहीत. सरासरी १०,००० कण पडत असतील तर १०० चा चढउतार होतो, म्हणजे १ टक्का. सरासरी १०० कणच पडले तर चढउतार १० चा, म्हणजे १० टक्के. संध्याकाळी किंवा लेण्याच्या आत काढलेल्या चित्रात जे रंगीत ठिपके दिसतात ते मुख्यतः यामुळे. लहान बादलीत पाऊस कमीच पडणार.

आणि गरज तरी किती असते? १५ × १० सेंटिमीटरच्या चांगल्या प्रतीला सुमारे २१ लाख पिक्सेल पुरतात. वर्गातल्या फुल एचडी प्रोजेक्टरला तेवढेच लागतात. भित्तिपत्रिकेसाठी ए-४ आकाराची बारीक छपाई हवी असेल तर ८७ लाख. याच्या पलीकडचा आकडा सहलीच्या फोटोंसाठी बहुधा निरुपयोगी असतो.

मग घ्यावे काय?

२०१० साली जगभरात १२ कोटींहून अधिक डिजिटल कॅमेरे कारखान्यांतून बाहेर पडले, त्यांत बहुतेक छोटेच होते. २०२३ मध्ये सर्व प्रकार मिळून ही संख्या ८० लाखांच्या आत आली. छोट्या कॅमेऱ्याची जागा मोबाइल फोनने घेतली. कित्येक फोनमधला सेन्सर आज १/२.३ इंचाएवढा किंवा त्याहून मोठा असतो, आणि फोन एकापाठोपाठ अनेक चित्रे घेऊन त्यांची सरासरी काढतो. कमी पावसावरचा तो गणिती उपाय आहे. स्वस्त गटातले कॅमेऱ्यांचे बहुतेक नमुने कंपन्यांनी बंद केले.

तेव्हा चांगला फोन हाताशी असेल तर लहान सेन्सरचा स्वस्त कॅमेरा वेगळा घेण्यात फारसा अर्थ नाही. अपवाद एकच : दूरचे पक्षी, किल्ल्याचा बुरूज, शिखरावरचे शिल्प जवळ आणायचे असेल तर खऱ्या भिंगांचा झूम लागतो. जाहिरातीतला 'डिजिटल झूम' हिशेबात धरू नये. तो चित्राचा तुकडा कापून ताणतो, एवढेच. लेण्यांतल्या अंधारासाठी घ्यायचाच असेल तर 'एक इंच' सेन्सरचा पाहावा. तो जुन्या बाजारातही मिळतो. वापरलेला कॅमेरा घेताना भिंगात बुरशी नाही ना, झूम अडखळत नाही ना, बॅटरी अजून बाजारात मिळते का आणि हात हलला तरी चित्र स्थिर ठेवणारी योजना आहे का, एवढे तपासावे. मेगापिक्सेल सर्वांत शेवटी पाहावेत. लहान, स्वस्त आणि सुस्पष्ट यांपैकी तुमच्या सहलीला कोणते दोन हवेत, ते आधी ठरवा.

पिंपरीपासून चाकणपर्यंतच्या कारखान्यांत मोटारींच्या सुट्या भागांची तपासणी करायला आज कॅमेरे बसवतात. ते निवडतानाही अभियंता आधी भिंग, उजेड आणि सेन्सरचा आकार पाहतो. अकरावी-बारावीच्या विद्यार्थ्यांना वरील गणिते घालावीत. त्यांतले काही जण उद्या हेच काम करणार आहेत.

निवड झाली तरी एक गोष्ट शिल्लक राहते, ती जपणुकीची. रॉबर्ट गिल यांनी अजिंठ्यात वर्षानुवर्षे बसून भित्तिचित्रांच्या तैलरंगातल्या नकला केल्या. त्यांतल्या बहुतेक १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसला लागलेल्या आगीत जळाल्या. त्यांनी काढलेल्या लेण्यांच्या छायाचित्रांचे पुस्तक १८६४ मध्ये निघाले होते. त्याच्या अनेक प्रती झाल्या होत्या, म्हणून ती चित्रे आजही ग्रंथालयांत पाहायला मिळतात. सहलीची पाचशे चित्रे एकाच फोनमध्ये असतील तर त्यांची गत त्या तैलचित्रांसारखी होऊ शकते. क्लिक-३ च्या मालकाला १२ चित्रे काढण्यापूर्वी निवड करावी लागे. आपल्याला ती काढून झाल्यावर करायची आहे. मुलांनाच बसवून पाचशेमधली १२ निवडून घ्या, त्यांच्या प्रती कागदावर काढा, मागे पेन्सिलीने ठिकाण, तारीख आणि सर्वांची नावे लिहा, आणि एक संच शाळेच्या कपाटात ठेवा. १५ सेंटिमीटरच्या १२ प्रतींना फार खर्च येत नाही.